एका हातानें टाकलेला चेंडू

ता. ३० डिसेंबर १९३६ च्या रात्रीं न्यूयॉर्क शहरांतील मॅडिसन स्क्वेअर गार्डन या प्रचंड क्रीडागृहांत १७,००० हून अधिक प्रेक्षक दाटीनें बसले होते. सामना होता दोन महाविद्यालयीन संघांचा, व खेळ होता बास्केटबॉल. एका बाजूस त्याच शहरांतील लॉंग आयलंड विद्यापीठाचा संघ; लागोपाठ ४३ सामने जिंकून आलेला. दुसऱ्या बाजूस सुमारें ३,००० मैलांचा प्रवास करून, आगगाडीनें सारें खंड ओलांडून आलेला कॅलिफोर्नियांतील स्टॅनफर्ड विद्यापीठाचा संघ. सामना संपला तेव्हां फलकावर ४५ विरुद्ध ३१ असे आंकडे होते, आणि विजय पाहुण्यांचा झाला होता. त्या ४५ गुणांपैकीं १५ गुण, म्हणजे बरोबर तिसरा हिस्सा, एका वीस वर्षांच्या विद्यार्थ्याचा होता. त्याचें नांव एंजेलो लुइसेटी. सारे त्यास हँक म्हणत. परंतु त्या रात्रीचें महत्त्व गुणांच्या संख्येंत नव्हतें. हा तरुण धांवतां धांवतां, पाय जमिनीवरून उचलले असतां, एकाच हातानें चेंडू टोपलीकडे सोडीत असे. आणि न्यूयॉर्कमधील खेळाच्या शास्त्रांत ही गोष्ट सरळसरळ चूक मानली जात होती.

ती चूक कां मानली जाई, हें ध्यानांत येण्यास या खेळाच्या जन्मकथेकडे थोडें वळलें पाहिजे. बास्केटबॉल हा लोकांत आपोआप रूढ होत गेलेला खेळ नव्हे. तो एका शिक्षकानें विचारपूर्वक योजून काढलेला खेळ आहे. डिसेंबर १८९१ मध्यें अमेरिकेंतील स्प्रिंगफील्ड येथें ख्रिस्ती तरुणांच्या संघानें चालविलेल्या शिक्षणसंस्थेंत जेम्स नेस्मिथ यांच्यापुढें एक अडचण उभी होती. कडाक्याच्या हिवाळ्यांत मोकळ्या मैदानावर खेळतां येत नसे, आणि व्यायामशाळेंतील त्याच त्या कवायतीस विद्यार्थी कंटाळले होते. बंद जागेंत धक्काबुक्कीवांचून खेळतां येईल असें कांहीं तरी हवें होतें. नेस्मिथ यांनीं १३ नियम लिहून काढले, आणि पीच फळांच्या दोन टोपल्या सज्जाच्या कठड्यास १० फूट उंचीवर बांधल्या. चेंडू घेऊन धांवावयाचें नाहीं, आणि लक्ष्य डोक्याच्याहि वर आडवें ठेवावयाचें, या दोन कल्पनांत खेळाचें सारें मर्म होतें. समोरच्या लक्ष्यावर चेंडू जोरानें मारतां येतो. उंचावरच्या टोपलींत मात्र तो कमानीनेंच, अलगद पडावा लागतो. बळापेक्षां नेमास अधिक मान मिळाला. पुढें टोपलीच्या जागीं लोखंडी कडें व जाळें आलें. नांव मात्र टोपलीचेंच राहिलें.

नेमाचा खेळ म्हटल्यावर नेम धरण्याची एक शास्त्रशुद्ध पद्धत तयार होणें स्वाभाविक होतें. पुढच्या ४० वर्षांत पूर्वेकडील मोठ्या शहरांत ती चांगली मुरली. दोन्ही पाय जमिनीवर रोवावे, चेंडू दोन्ही हातांत छातीपाशीं धरावा, गुडघे किंचित वांकवावे, आणि मग तो उंच कमानीनें सोडावा. या पद्धतीस उत्तम कारण होतें. दोन्ही हातांचें बळ सारखें लागल्यामुळें चेंडू डावीउजवीकडे भरकटत नसे, आणि स्थिर उभ्या माणसाचा नेम धांवत्या माणसाहून सरस असतो हें कोणासहि पटण्यासारखें होतें. मात्र तिला एक किंमत द्यावी लागे. उभें राहून नेम धरण्यास वेळ हवा, आणि समोर मोकळी जागाहि हवी. म्हणून संघांतील पांच जण चेंडू एकमेकांकडे फिरवीत राहत, आणि कोणी तरी मोकळा सांपडेपर्यंत वाट पाहत. खेळ सुबक दिसे, पण संथ चाले. तशांत बहुतेक ठिकाणीं नियम असा होता कीं, प्रत्येक यशस्वी फेंकीनंतर चेंडू पुन्हां मध्यभागीं आणून दोन उंच खेळाडूंच्या मध्यें वर उडवावयाचा. त्यामुळें सबंध सामन्यांत एका संघाचे तीसचाळीस गुण झाले म्हणजे ते पुष्कळ वाटत.

लुइसेटीची रीत या शास्त्रांतून निघाली नव्हती. ती अडचणींतून निघाली होती. त्याचा जन्म १६ जून १९१६ रोजीं सॅन फ्रॅन्सिस्को येथें झाला. आईबाप इटलींतून येऊन त्या शहरांत स्थायिक झालेले. लहानपणीं मुलाचे पाय वांकडे होते, आणि ते सरळ व्हावे म्हणून त्यास धातूचे आधार बांधून वावरावें लागे. वस्तींतील खेळाच्या मैदानावर तो जाऊं लागला तेव्हां बाकीचीं मुलें त्याच्याहून मोठीं व थोराड होतीं. त्यांच्यांत उभें राहून दोन्ही हातांनीं टाकलेला चेंडू टोपलीपर्यंत पोंचतच नसे. तेव्हां त्यानें एक युक्ति काढली. एकदोन पावलें चेंडू आपटीत पुढें धांवावें, उडी घ्यावी, आणि अंग वर जात असतांनाच एका हातानें चेंडू लोटून द्यावा. धांवेचें व उडीचें बळ हाताच्या मदतीस येई, आणि चेंडू वर पोंचे. ज्याच्या हातांत बळ नव्हतें त्यानें साऱ्या देहाचें बळ हातांत आणलें, एवढाच त्या युक्तीचा अर्थ होता. मूल मोठें झालें, पाय सुधारले, उंची सहा फुटांच्या वर गेली. पण अंगवळणीं पडलेली रीत गेली नाहीं. गॅलिलिओच्या नांवें चालणाऱ्या तेथील शाळेंत तो असाच खेळला, आणि १९३४ मध्यें तीच रीत घेऊन स्टॅनफर्ड विद्यापीठांत दाखल झाला.

येथें एका शिक्षकाचा उल्लेख केल्यावांचून पुढें जातां येत नाहीं. स्टॅनफर्डचे मार्गदर्शक जॉन बन हे कॅन्सस विद्यापीठांत खुद्द नेस्मिथ यांच्या हाताखालीं शिकलेले होते. शास्त्रशुद्ध पद्धतीचा आग्रह धरण्याचा अधिकार कोणास असेल तर तो त्यांस होता. नव्यानें आलेल्या मुलानें आपली एका हाताची फेंक त्यांस करून दाखविली. एखाद्या शिक्षकानें त्यास प्रथम ती विसरावयास लावली असती. बन यांनीं ती पाहिली, चेंडू टोपलींत पडतो आहे एवढें ध्यानांत घेतलें, आणि हीच रीत चालूं दे असें त्या मुलास सांगितलें. बन यांनीं दुसरें उत्तर दिलें असतें तर पुढची हकीकत वेगळी झाली असती. अध्यापनाच्या इतिहासांत शिक्षकानें काय शिकविलें याची नोंद होते. त्यानें काय बदलूं दिलें नाहीं, किंवा काय जसेंच्या तसें राहूं दिलें, याची सहसा होत नाहीं.

त्या काळीं पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांचा संघ निराळा असे. म्हणून विद्यापीठाच्या मुख्य संघांत लुइसेटी १९३५ च्या हिवाळ्यापासून खेळूं लागला. पुढच्या तिन्ही वर्षीं, म्हणजे १९३६, १९३७ व १९३८ सालीं, पॅसिफिक किनाऱ्यावरील विद्यापीठांचें अजिंक्यपद स्टॅनफर्डनें मिळविलें. परंतु हें सारें पूर्वेस वर्तमानपत्रांच्या कोपऱ्यांत छापून येई. देशाच्या दोन टोकांचे संघ एकमेकांशीं क्वचितच खेळत, आणि खेळाचें मत बनविणारीं माणसें न्यूयॉर्कमध्यें राहत. नेड आयरिश नांवाच्या वृत्तपत्रकारानें १९३४ च्या डिसेंबरांत मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्यें महाविद्यालयीन सामने भरविण्यास आरंभ केला होता, आणि दूरदूरचे संघ तेथें येऊं लागले होते. तेथें जो खेळ दिसे तो साऱ्या देशानें पाहिल्यासारखा होई.

१९३६ च्या डिसेंबरांत स्टॅनफर्डचा संघ तेथें आला, तेव्हां समोरचा संघ कांहीं सामान्य नव्हता. क्लेअर बी यांनीं तयार केलेला लॉंग आयलंडचा हा संघ आदल्या वर्षीं एकहि सामना हरला नव्हता. त्यांतील बहुतेक खेळाडू यहुदी होते, आणि त्याच उन्हाळ्यांत हिटलरच्या बर्लिनमध्यें होणाऱ्या ऑलिंपिकसाठीं निवडीचे सामने खेळण्याचें त्या संघानें नाकारलें होतें. बास्केटबॉलला ऑलिंपिकमध्यें प्रथमच स्थान मिळालें होतें; तें नाकारणें ही लहान गोष्ट नव्हती. अशा स्वाभिमानी व कसलेल्या संघावर स्टॅनफर्डनें १४ गुणांनीं मात केली. लुइसेटी चेंडू टाकी तेव्हां त्यास अडविणाऱ्या खेळाडूला सवय होती ती समोरचा माणूस थांबण्याची, पाय रोवण्याची. हा माणूस थांबतच नसे. त्याचे पाय थांबतील म्हणून वाट पाहावी तों चेंडू हातांतून सुटलेला असे. सामना संपत आला असतां तो मैदान सोडून निघाला, तेव्हां प्रतिपक्षाच्याच शहरांतील प्रेक्षकांनीं उभें राहून टाळ्यांचा गजर केला.

जाणकारांचें मत मात्र एकदम बदललें नाहीं. न्यूयॉर्क सिटी कॉलेजचे विख्यात मार्गदर्शक नॅट होल्मन, जे स्वतः आपल्या काळचे अव्वल खेळाडू होते, त्यांनीं हा खरा बास्केटबॉलच नव्हे, आणि एका हाताची फेंक शिकविण्याची पाळी आली तर आपण शिक्षकाचें काम सोडून देऊं, अशा आशयाचे उद्गार काढले. आज ते वाचून हंसूं येतें. परंतु होल्मन यांस हटवादी म्हणणें न्यायाचें होणार नाहीं. त्यांच्यापुढें ४० वर्षांचा अनुभव होता, आणि तो अनुभव खोटा नव्हता. स्थिर माणसाचा नेम चांगला असतो हें तेव्हांहि खरें होतें व आजहि खरें आहे. चूक झाली ती एवढीच कीं, प्रतिपक्ष आपणांस स्थिर उभें राहूं देईल हें त्यांनीं गृहीत धरलें. शास्त्र ज्या परिस्थितींत जन्मतें ती परिस्थिति कायम राहील असें मानणें, हा दोष केवळ खेळाच्या शास्त्रांतच आढळतो असें नाहीं.

जुन्यांनीं काय म्हणावें याची वाट पोरांनीं पाहिली नाहीं. देशभर शाळांच्या अंगणांत मुलें एका हातानें चेंडू टाकूं लागलीं. तथापि सारें श्रेय एका माणसाच्या पदरीं बांधणें इतिहासास शोभणारें नाहीं. पश्चिमेकडे एका हातानें टाकणारे आणखीहि कांहीं होते. लुइसेटीनें ती रीत साऱ्या देशाच्या नजरेसमोर यशस्वी करून दाखविली, हें त्याचें कार्य. शिवाय १९३७ च्या हिवाळ्यापासून, प्रत्येक गुणानंतर मध्यभागीं चेंडू उडविण्याचा नियम देशभर रद्द झाला. खेळांतील थांबे त्यामुळें गेले, आणि गुण वाढूं लागले. नियमानें खेळास वेग दिला, आणि त्या वेगांत उपयोगी पडणारी फेंक त्या विद्यार्थ्याच्या हातांत आधींच तयार होती. दोन्ही गोष्टी एकाच वेळीं घडल्या म्हणून खेळाचें रूप इतक्या लवकर पालटलें.

त्या नव्या रूपाची कल्पना एका सामन्यावरून येते. ता. १ जानेवारी १९३८ रोजीं क्लीव्हलंड येथें स्टॅनफर्डचा संघ ड्युकेन विद्यापीठाशीं खेळला. ९२ विरुद्ध २७ अशा गुणांनीं स्टॅनफर्डचा विजय झाला, आणि त्यांत एकट्या लुइसेटीचे ५० गुण होते. म्हणजे प्रतिपक्षाच्या साऱ्या संघाच्या जवळजवळ दुप्पट. महाविद्यालयीन खेळांत हा आंकडा अपूर्व होता. पण त्या आंकड्यामागील हकीकत त्याहून गोड आहे. लुइसेटी स्वभावानें भिडस्त. स्वतः टाकण्यापेक्षां सोबत्यांकडे चेंडू देण्याची त्यास हौस. त्या दिवशीं सोबत्यांनीं आपसांत संगनमत केलें. त्यानें चेंडू दिला कीं ते तो परत त्याच्याचकडे देत, आणि शेवटीं दुसरा मार्ग न उरल्यामुळें तो टाकी. चार वर्षांच्या महाविद्यालयीन काळांत त्यानें एकंदर १,५९६ गुण मिळविले, आणि तो त्या वेळीं देशांतील उच्चांक होता. १९३६, १९३७ व १९३८ या तिन्ही वर्षीं अमेरिकेंतील निवडक खेळाडूंच्या यादींत त्याचें नांव आलें.

येथपर्यंतची कथा चढत्या भाग्याची आहे. यापुढें मात्र प्रत्येक दार त्याच्यासाठीं एक तर उशिरां उघडलें, किंवा त्याच्या तोंडावर बंद झालें. राष्ट्रीय महाविद्यालयीन अजिंक्यपदाची स्पर्धा प्रथम भरली ती १९३९ सालीं, म्हणजे त्याच्या शेवटच्या हंगामाच्या पुढच्याच वर्षीं. ती ऑरेगन विद्यापीठानें, म्हणजे त्याच पॅसिफिक किनाऱ्यावरील संघानें, जिंकली. १९३७ च्या स्टॅनफर्ड संघास राष्ट्रांतील श्रेष्ठ संघ म्हणून पुढें मान्यता देण्यांत आली खरी, पण ती कागदावरची मान्यता होती.

पदवी घेऊन बाहेर पडलेल्या खेळाडूस त्या काळीं धंदा म्हणून बास्केटबॉल पत्करण्यासारखी स्थिति नव्हती. चांगले खेळाडू हौशी म्हणूनच राहत. मोठ्या कंपन्या त्यांस नोकरी देत, आणि ते कंपनीच्या संघांतून खेळत. हौशी खेळाचे नियम कडक होते. १९३८ सालीं एका चित्रपटसंस्थेनें लुइसेटीस बेटी ग्रेबल या नटीबरोबर ‘कॅम्पस कन्फेशन्स’ या चित्रपटांत काम दिलें, आणि त्याबद्दल १०,००० डॉलर दिल्याचें सांगतात. खेळाडूच्या कीर्तीवर पैसा मिळविला, या कारणानें हौशी खेळाच्या नियामक मंडळानें त्यास एक वर्ष खेळण्यास बंदी केली. कंपनीची नोकरी घेऊन खेळला तर तो हौशी. पडद्यावर चेंडू टाकला तर तो धंदेवाईक! पुढें तो सॅन फ्रॅन्सिस्कोंतील एका हौशी संघांतून, व नंतर ओक्लाहोमा राज्यांतील फिलिप्स तेल कंपनीच्या संघांतून खेळला. खेळ पूर्वीसारखाच होता, पण प्रेक्षकांची ती गर्दी आतां नव्हती.

इतक्यांत महायुद्ध आलें. लुइसेटी नौदलांत गेला, आणि तेथील शिक्षणकेंद्राच्या संघांतून खेळूं लागला. त्या वेळीं त्याचा खेळ पूर्वीपेक्षांहि परिपक्व झाला होता, असें पाहणाऱ्यांचें मत होतें. १९४४ सालीं त्यास मेनिंजायटिस झाला. मेंदू व मज्जारज्जु यांच्या आवरणास सूज आणणारा हा ज्वर त्या काळीं पुष्कळदां प्राणघातक ठरे. तो वांचला; परंतु प्रकृति इतकी खालावली कीं, पुन्हां खेळावयाचें नाहीं असें वैद्यांनीं बजावलें. वय होतें २८. पुढें दोनच वर्षांनीं, जून १९४६ मध्यें, मोठ्या शहरांतील क्रीडागृहांच्या मालकांनीं धंदेवाईक संघांची नवी संघटना उभारली. आज जगभर प्रसिद्ध असलेल्या राष्ट्रीय बास्केटबॉल संघटनेचा तो आरंभ होय. तिच्या पहिल्या हंगामांत सर्वांत अधिक गुण मिळविले ते फिलाडेल्फियाच्या जो फुल्क्स यानें, आणि तो उडी मारून एका हातानें चेंडू टाकणारा खेळाडू होता. रीत रंगमंचावर आली. ती रूढ करणारा प्रेक्षकांत बसला.

या प्रसंगीं त्यानें दैवास बोल लावीत बसणें अस्वाभाविक झालें नसतें. त्याचें पुढील आयुष्य मात्र शांत गेलें. कांहीं काळ तो मार्गदर्शक झाला, आणि १९५१ सालीं त्याच्या देखरेखीखालीं सॅन फ्रॅन्सिस्कोंतील एका मोटारविक्रेत्याच्या संघानें हौशी संघांचें राष्ट्रीय अजिंक्यपद जिंकलें. नंतर प्रवासव्यवस्था पाहणाऱ्या एका कंपनींत त्यानें पुष्कळ वर्षें जबाबदारीचें काम केलें. १९५० सालीं, शतकाचा पूर्वार्ध संपतां, वृत्तपत्रकारांनीं त्या ५० वर्षांतील श्रेष्ठ बास्केटबॉलपटूंची निवड केली. पहिलें नांव जॉर्ज मायकन या धंदेवाईक खेळाडूचें होतें. दुसरें लुइसेटीचें, धंदेवाईक सामना जो एकहि खेळला नव्हता त्याचें. १९५९ मध्यें बास्केटबॉलच्या कीर्तिमंदिरांत पहिल्या तुकडींतच त्यास स्थान मिळालें. १७ डिसेंबर २००२ रोजीं, वयाच्या ८६ व्या वर्षीं, तो कॅलिफोर्नियांतच मरण पावला.

याच कथेस एक जोडकथा आहे. सॅन फ्रॅन्सिस्कोपासून दूर, वायोमिंग राज्यांतील एका शेतावर केनी सेलर्स नांवाचा मुलगा १९३४ च्या सुमारास आपल्या वडील भावाशीं बास्केटबॉल खेळत असे. भाऊ फार उंच. त्याच्या हातांवरून चेंडू जाईना. तेव्हां हा मुलगा सरळ उंच उडी घेऊन, उडीच्या माथ्यावरून चेंडू सोडूं लागला. १९४३ सालीं त्याच सेलर्सच्या वायोमिंग विद्यापीठानें राष्ट्रीय अजिंक्यपद जिंकलें, आणि तेंहि त्याच मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्यें. आजच्या बास्केटबॉलमध्यें सर्वत्र दिसणारी उडीची फेंक रूढ करणाऱ्यांत त्याची गणना होते. दोन मुलें, दोन ठिकाणें, एकमेकांशीं कांहीं संबंध नाहीं. पण दोघांनाहि नवी वाट सांपडली ती त्यांच्या उणेपणांतून. जीं मुलें उंच व बळकट होतीं त्यांस जुनी रीत पुरत होती, म्हणून त्यांनीं दुसरी शोधली नाहीं.

आज कोणत्याहि देशांतील शाळेच्या अंगणांत मूल बास्केटबॉलचा चेंडू हातीं घेतें तेव्हां एक हात खालून लोटावयास व दुसरा केवळ आधारास, असेंच तें शिकतें. दोन्ही हातांनीं छातीपासून नेम धरणारा खेळाडू आतां जुन्या छायाचित्रांतच आढळतो. त्या मुलास लुइसेटीचें नांव ठाऊक नसतें, आणि ठाऊक असण्याचें कारणहि नाहीं. कारण जी गोष्ट सर्वांची झाली तिच्यावर कोणा एकाचें नांव राहत नाहीं. जोपर्यंत ती रीत चूक समजली जात होती तोपर्यंत ती लुइसेटीची होती. ती बरोबर ठरली, आणि साऱ्यांची झाली.